लायब्ररीच्या स्ट्रीमिंग व्हिडिओंवर सेमिस्टर शिकवलं, ते कसं पार पडलं

सेमिस्टर संपलं, मार्क भरून झाले, डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते. मी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते आणि माझ्याकडे एक पेपर आहे क्षेत्रकार्याचा, म्हणजे लोकांमध्ये जाऊन बोलायचं कसं, मुलाखत घ्यायची कशी, काय टिपायचं आणि काय नुसतं बघायचं. या वेळी त्यातला जवळजवळ निम्मा भाग माहितीपटांवर शिकवला, आणि ते सगळे माहितीपट मुलांनी लायब्ररीच्या स्ट्रीमिंग सेवेतून स्वतः बघितले. मी शोधायला लागले तेव्हा जे सापडलं ते एकतर कंपन्यांचं माहितीपत्रक नाहीतर ग्रंथपालांनी ग्रंथपालांसाठी लिहिलेलं. शिकवणाऱ्या माणसाने पहिल्या दिवसापासून काय काय करायचं हे सलग असं कुठेच मिळेना.

आधी का केलं ते सांगते. मुलाखतीवरच्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं की समोरच्याला वेळ द्या, मध्ये बोलू नका. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि पहिल्याच मुलाखतीत दोन सेकंद शांतता झाली की घाबरून पुढचा प्रश्न टाकतात. हे सांगून कळत नाही, बघूनच कळतं. आणि वर्गात प्रोजेक्टरवर एकदा दाखवून पण भागत नाही, कारण त्यांना थांबवून, मागे जाऊन, परत बघायचं असतं आणि ते प्रत्येकाचं वेगळ्या जागी असतं.

मार्चमध्ये मी नुसती चाचपणी सुरू केली. लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये फॉरमॅटचा फिल्टर असतो तिथे व्हिडिओ निवडला तर चक्क खूप काही निघालं, आमच्या विभागात कुणाला पत्ताच नव्हता. या सेवा बऱ्याच आहेत. कॅनोपी हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, २००८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली आणि २०२१ पासून ओव्हरड्राइव्ह या लायब्ऱ्यांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीकडे असलेली. अलेक्झांडर स्ट्रीटचं अकॅडेमिक व्हिडिओ ऑनलाइन आहे, इन्फोबेसचं फिल्म्स ऑन डिमांड आहे, स्वतंत्र निर्मात्यांच्या माहितीपटांसाठी डॉक्युसीक आहे, कथापटांसाठी स्वँकचं डिजिटल कॅम्पस आहे, आणि प्रयोगशाळेतली तंत्रं बघायची असतील तर २००६ पासून चालणारं जोव्ह. तुमच्या लायब्ररीकडे यातलं एखादंच असेल किंवा यातलं एकही नसून भलतंच काही असेल. म्हणून पहिली गोष्ट, गुगलवर न शोधता आपल्या लायब्ररीच्या साइटवर डेटाबेसची यादी असते ती उघडा आणि त्यात व्हिडिओ हा गट बघा.

मी माझे पाच-सहा माहितीपट निवडले, मनातल्या मनात कुठल्या आठवड्यात काय ते बसवलं, आणि एप्रिलमध्ये यादी घेऊन लायब्ररीत गेले. ऑनलाइन साहित्य बघणाऱ्या मॅडमनी यादी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे तुम्हाला कधीपर्यंत लागणार?" मी म्हटलं, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एकेका नावापुढे लायसन्स कधी संपतंय ते दाखवलं. त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते पुढच्या सगळ्या सेमिस्टरला पुरलं. ते असं, की कॅटलॉगमध्ये फिल्म दिसते याचा अर्थ ती आज आहे एवढाच, तुमच्या नवव्या आठवड्यात ती असेलच असं नाही. पुस्तक एकदा घेतलं की कपाटात राहतं, इथे बहुतेक वेळा लायब्ररी मुदतीपुरती परवानगी विकत घेते.

ही परवानगी किती प्रकारची असते ते शिकवणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवं असं माझं ठाम मत झालंय. एक प्रकार पॅकेजचा, वर्षाची वर्गणी भरायची आणि त्यातल्या हजारो फिल्म्स बघायच्या, पण त्यातल्या फिल्म्स कंपनी आत-बाहेर करत राहते कारण निर्मात्याशी त्यांचा करार संपतो. दुसरा प्रकार एकेका फिल्मचं लायसन्स, १ वर्षाचं किंवा ३ वर्षांचं. तिसरा कायमचं विकत घेणं, पण ते सगळ्या फिल्म्सना मिळत नाही आणि महाग पडतं. आणि चौथा प्रकार म्हणजे बघाल तसे पैसे. कॅनोपीचं विद्यापीठांसाठीचं जे मॉडेल गाजलं ते हेच, फिल्म्सची सगळी यादी उघडी ठेवायची, एखादी फिल्म ३० सेकंदांहून जास्त अशी ३ वेळा बघितली तोवर काही नाही, चौथ्यांदा बघितली की लायब्ररीच्या नावावर त्या फिल्मचं वर्षभराचं लायसन्स आपोआप लागायचं, साधारण १५० डॉलरचं. ऐकायला थोडे वाटतात पण एका विद्यापीठात किती हजार लोक काय काय उघडून बघतात याचा विचार करा. म्हणून पुष्कळ विद्यापीठांनी ते मॉडेल बंद करून "मागणी करा, मग बघू" अशी पद्धत आणली. सार्वजनिक लायब्ऱ्यांची पद्धत थोडी वेगळी, तिथे प्रत्येक बघण्यामागे पैसे जायचे, आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या सार्वजनिक लायब्ररी यंत्रणांनी खर्च झेपत नाही म्हणून कॅनोपी थांबवली.

मला हे सगळं ऐकून जरा दडपण आलं, कारण मी गेल्या काही दिवसांत नुसतं निवडण्यासाठी किती फिल्म्स उघडल्या होत्या. मॅडमनी सांगितलं की आमच्याकडे ती पद्धत नाही, काळजी नको, पण तुमच्याकडे असेल तर निवड करताना ट्रेलर बघा किंवा लायब्ररीला प्रीव्ह्यूची सोय विचारा, शिक्षकाने चाळून बघितलेलं पण मोजलं जातं.

माझ्या यादीतल्या बहुतेक फिल्म्स पॅकेजमध्ये होत्या, एक नव्हती, आणि नेमकी तीच मला सगळ्यात जास्त हवी होती. त्यासाठी खरेदीचा फॉर्म भरायचा होता. त्यात कोर्सचा कोड, किती मुलं, कुठल्या आठवड्यात लागणार, एकदा लागणार की दर वर्षी, मुलं कॅम्पसबाहेरून बघणार का, कॅप्शन आवश्यक आहेत का, आणि "पर्यायी शीर्षक" असा एक रकाना. तो पर्यायी रकाना रिकामा सोडू नका. मी तिथे दुसऱ्या फिल्मचं नाव दिलं आणि का चालेल ते दोन ओळीत लिहिलं, मॅडम म्हणाल्या की लायब्ररी समितीला यानेच बरं वाटतं कारण शिक्षकाने विचार केलाय हे दिसतं. फॉर्मवर विभागप्रमुखांची सही, मग लायब्ररी समिती, मग कंपनीकडून कोटेशन, मग अकाउंट्स, मग करारावर सही, मग लिंक चालू होणार. मे महिना असाच गेला. जूनमध्ये कोटेशन आलं तर त्यात एकाच वेळी किती जणांनी बघायचं यावर मर्यादा होती, माझी मुलं साठेक, आणि सगळी मुलं आदल्या रात्रीच बघणार हे कुणीही शिकवणारा सांगेल. मॅडमनी कंपनीला परत लिहिलं, मर्यादा नसलेलं लायसन्स मागितलं, त्याची किंमत थोडी जास्त आली आणि समितीकडे फाइल परत गेली. हा काळ मला फार जड गेला कारण आपल्या हातात काहीच नसतं. जुलैत सेमिस्टर सुरू झालं तेव्हा पण ती फिल्म आलेली नव्हती. ऑगस्टमध्ये आली. म्हणजे मागणीपासून लिंकपर्यंत एक पूर्ण सेमिस्टर हातात धरूनच चाला, आणि जी फिल्म विकत घ्यावी लागणार आहे ती सेमिस्टरच्या उत्तरार्धातच ठेवा.

या मधल्या काळात विभागातल्या एका सरांनी सुचवलं की एवढं कशाला, कुणाच्या तरी ओटीटी अकाउंटवरून दाखवून टाका. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण अशा अकाउंटच्या अटी वैयक्तिक वापरापुरत्या असतात. नेटफ्लिक्सने आपल्या काही मोजक्या माहितीपटांना एकदा शैक्षणिक कामासाठी दाखवायची मुभा दिलेली आहे, तशी नोंद त्या त्या फिल्मच्या माहितीत असते, पण ती सगळ्या फिल्म्सना नाही आणि मुलांना घरी परत बघायला उपयोगाची तर नाहीच. कायद्याचं म्हणाल तर वर्गात समोरासमोर दाखवणं आणि ऑनलाइन पाठवणं याला बऱ्याच ठिकाणी वेगळे नियम आहेत. अमेरिकेत ऑनलाइनसाठी २००२ चा टीच कायदा आहे, भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थी-शिक्षकांपुरतं दाखवायला सूट आहे. पण लायब्ररीने करार केला की त्या कराराच्या अटी पण पाळाव्या लागतात, त्या ग्रंथपालांना विचारायच्या. मी विचारलेलं एवढंच, वर्गात एकत्र दाखवायला चालतं का, बाहेरचे पाहुणे बसले तर चालतं का, क्लिप कापून वापरायला चालतं का. उत्तरं फिल्मगणिक वेगळी आली.

आता लिंकचा विषय, कारण शिकवणाऱ्यांचा निम्मा मनस्ताप इथेच आहे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून मुलांना पाठवू नका. त्यात बऱ्याचदा तुमच्या त्या वेळच्या लॉगिनचा तुकडा असतो, तो थोड्या वेळाने मरतो. व्हिडिओखाली "शेअर" किंवा "पर्मालिंक" (कायम चालणारी लिंक) असं बटण असतं तिथली लिंक घ्यायची आणि ती प्रॉक्सीमधून, म्हणजे बाहेरच्यांना विद्यापीठाचे म्हणून आत सोडणाऱ्या लायब्ररीच्या सर्व्हरमधून जाणारी आहे का ते बघायचं, म्हणजे लिंकच्या सुरुवातीला तुमच्या लायब्ररीच्या प्रॉक्सीचा पत्ता जोडलेला असतो. तो असला की मूल कुठूनही क्लिक करो, आधी विद्यापीठाचं लॉगिन विचारलं जातं आणि मग व्हिडिओ. तो नसला की कंपनीच्या पानावर "पैसे भरा" असं दिसतं आणि मुलं गोंधळतात. काही ठिकाणी प्रॉक्सीऐवजी ओपनअथेन्ससारखी लॉगिनची व्यवस्था असते, तिथे यादीतून संस्थेचं नाव निवडायचं. तपासायची माझी पद्धत म्हणजे इनकॉग्निटो विंडो उघडायची, कॅम्पसचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जायचं आणि मग ती लिंक दाबायची. कॅम्पसवर बसून तपासलं तर सगळंच चालतं, कारण तिथला आयपी, म्हणजे नेटवर्कचा पत्ता, कंपनीच्या ओळखीचा असतो.

मूडलमध्ये, म्हणजे कोर्सचं साहित्य टाकतो त्या साइटवर, मी आधी व्हिडिओ पानातच एम्बेड केले होते, म्हणजे तिथेच चालतील असे बसवले होते, दिसायला छान दिसतात. पण काही मुलांच्या ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी कुकीज (दुसऱ्या साइटने लॉगिन लक्षात ठेवायला ठेवलेल्या छोट्या नोंदी) बंद असतात, मग त्या चौकटीत लॉगिनचं पान उघडतच नाही आणि पांढरी चौकट दिसते. म्हणून साधी लिंक, नवीन टॅबमध्ये उघडणारी, आणि तिच्याखाली एक ओळ: फिल्म किती मिनिटांची, कुठून कुठपर्यंत बघायची, अडलं तर कुणाला मेल करायचा. एवढं केल्यावर तक्रारी जवळपास थांबल्या. वर्गात प्रोजेक्टरवर लावताना आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर घाबरू नका, ते कॉपी-संरक्षणाचं असतं, लॅपटॉप आणि प्रोजेक्टरच्या मधल्या केबलला किंवा कन्व्हर्टरला ते पटत नाही. दुसरी केबल, दुसरा ब्राउझर, यातल्या एकाने बहुतेकदा सुटतं, पण त्यासाठी तासाच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत जाऊन लावून बघावं.

कॅप्शनबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण मला स्वतःला याचं महत्त्व शिकवताना समजत गेलं. माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीला कमी ऐकू येतं. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांनाच विचारलं होतं की कुणाला कॅप्शन, ट्रान्स्क्रिप्ट, जास्त वेळ, काहीही लागत असेल तर मला मेल करा, तिने त्याच संध्याकाळी केला. वेब सुलभतेचे जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत त्यात रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन असणं ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे, त्यामुळे मोठ्या सेवांवर बहुतेक फिल्म्सना ते असतात. पण आपोआप तयार झालेले कॅप्शन आणि माणसाने तपासलेले यात जमीन-अस्मानाचा फरक, विशेषनामं आणि बोलीतले शब्द तर पार बदलून जातात. एका फिल्मचे कॅप्शन असेच होते, मॅडमनी कंपनीला कळवलं, दुरुस्त होऊन यायला काही आठवडे लागले, तोवर मी आणि माझ्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने लागणाऱ्या भागाचं ट्रान्स्क्रिप्ट हाताने लिहिलं. याचा फायदा सगळ्यांना झाला, ज्यांची इंग्रजी ऐकायची सवय कमी आहे ती मुलं पण तेच वाचत बघत होती.

आणि इथेच या सेमिस्टरमधला मला सगळ्यात आवडलेला तास झाला. फिल्ममध्ये एक म्हातारा कामगार असतो, कारखाना बंद पडल्यावरचं सांगत असतो. मुलाखत घेणारी विचारते, शेवटच्या दिवशी तुम्ही घरी जाऊन काय सांगितलंत. तो गप्प बसतो. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहतो, एकदा वर बघतो, परत खाली. ती काही बोलत नाही. मग तो म्हणतो, काहीच नाही सांगितलं, चार दिवस रोज डबा घेऊन निघत होतो. मी मुलांना एवढाच तुकडा दिला होता, क्लिपची लिंक करून, आणि विचारलं होतं की इथे मुलाखत घेणारीने काय केलं ते टाइमकोड, म्हणजे व्हिडिओतली नेमकी वेळ, देऊन लिहा. बऱ्याच जणांनी लिहिलं की तिने चांगला प्रश्न विचारला. त्या कमी ऐकू येणाऱ्या मुलीने लिहिलं की ट्रान्स्क्रिप्टमध्ये प्रश्न आणि उत्तर लागोपाठच्या ओळीत आहेत, पण व्हिडिओत दोन्हीच्या मध्ये अकरा सेकंद आहेत, आणि ते अकरा सेकंद म्हणजेच मुलाखत आहे. मी ते तिच्या परवानगीने वर्गात वाचून दाखवलं. नंतर मुलांनी स्वतः घेतलेल्या मुलाखती ऐकल्या तर त्यात थांबायला लागलेली मुलं दिसत होती, काहींनी तर स्वतःच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये कंसात सेकंद लिहायला सुरुवात केली. हे मी व्याख्यान देऊन कधीच करू शकले नसते.

त्यावरून एक ठरवलं की अख्खी फिल्म घरी बघून या असं फार कमी वेळा सांगायचं. दीड तासाची फिल्म मुलं दीडपट वेगाने बघतात आणि नेमकी शांतताच निघून जाते. आठ-दहा मिनिटांचा भाग, एक नेमका प्रश्न, उत्तरात तास-मिनिट-सेकंद, असं चाललं. बहुतेक सेवांवर क्लिप करायची सोय असते, सुरुवात आणि शेवट टाकला की नवीन लिंक मिळते. फक्त ती क्लिप तुमच्या त्या साइटवरच्या खात्यात राहते, म्हणून मी वेळा एका फाइलमध्ये वेगळ्या लिहून ठेवत होते. डेटाचा प्रश्न पण यानेच हलका झाला. साध्या क्वालिटीला तासाला साधारण पाऊण-एक जीबी जातो, एचडीला त्याच्या कितीतरी जास्त, आणि या सेवांवर डाउनलोड बहुधा बंदच असतं. मी लिंकखाली क्वालिटी कमी कशी करायची ते लिहिलं आणि लायब्ररीतले कॉम्प्युटर कधी मोकळे असतात ते मॅडमकडून विचारून टाकलं.

सप्टेंबरच्या शेवटी ज्याची भीती होती ते झालं. पॅकेजमधली एक फिल्म महिनाअखेर काढली जाणार असं कंपनीचं मेल लायब्ररीला आलं, आणि माझा तो तास ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पण मॅडमकडे माझी आठवड्यानिहाय यादी होती, त्यांनी त्याच दिवशी मला फोन केला. मी दोन तासांची अदलाबदल केली, ती फिल्म आधी घेतली, मुलांना कारण सांगितलं. यादी त्यांच्याकडे नसती तर मला तासाच्या सकाळीच कळलं असतं. तेव्हा सिलॅबस पक्का झाला की तारखांसकट एक प्रत ग्रंथपालांना द्याच, त्यांना हे मेल येतात, आपल्याला येत नाहीत.

डिसेंबरमध्ये मॅडमनी मला वापराचा रिपोर्ट दाखवला. कुठली फिल्म कुठल्या महिन्यात किती वेळा चालली एवढंच त्यात असतं, कुणी बघितली हे नसतं, आणि ते तसंच असावं असं मला वाटतं. मुलांनी बघितलं का हे मला त्यांच्या टाइमकोडवरून कळत होतंच. विकत घेतलेल्या फिल्मचा आकडा बघून मी समितीसाठी अर्ध्या पानाची टीप लिहिली, नुसते आकडे न देता मुलांच्या उत्तरांतली दोन, नावं काढून, जोडली. १ वर्षाचं लायसन्स संपल्यावर ३ वर्षांचं घ्यायला समिती तयार झाली आहे. पॅकेजमधून गेलेली फिल्म निर्मात्याकडून वेगळी मिळते का ते मॅडम बघताहेत. पुढच्या वर्षीच्या पेपरचा फॉर्म मी याच आठवड्यात भरून दिला, आठवडे, पर्यायी शीर्षकं, एकाच वेळी किती मुलं बघणार आणि तपासलेले कॅप्शन हवेत, हे सगळं पहिल्याच पानावर लिहून.